हिमप्रदेशातील अणुऊर्जा : फिनलंडचा अनुभव

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण कार्यकर्त्यांनी बर्फाळ प्रदेशातील विजेचा आणि उष्णतेचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर थोडक्यात असे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन वायू वातावरणात साठत असून त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हे ज्वलन कमी केलेच पाहिजे, याविषयी आता जगात फारसे दुमत नाही. परंतु ज्या देशात चूल विझली तर माणूस गारठून मरेल, त्या देशाने कोळसा कसा सोडावा? या कठीण कसोटीला जो उपाय उतरतो, त्याचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसतात. अणुऊर्जेची अशी परीक्षा ज्या देशात झाली, त्या फिनलंडची हकीगत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. या हकीगतीत शास्त्रज्ञ व अभियंते आहेतच. पण तिच्यातील एक निर्णायक मत एका लहानशा गावाच्या पंचायतीने दिलेले आहे. म्हणूनही ती या सभेपुढे मांडणे मला उचित वाटते.

थंडीचा देश

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडे अधिक. लोकसंख्या मात्र अवघी ५६ लाखांच्या आसपास. देशाचा बहुतेक भाग जंगलांनी व सरोवरांनी व्यापलेला आहे. राजधानी हेलसिंकी दक्षिण किनाऱ्यावर असूनही डिसेंबरात तेथे सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. अगदी उत्तरेकडील उत्स्योकी भागात तर हिवाळ्यात सुमारे दीड महिना सूर्य क्षितिजावर येतच नाही. १९९९ च्या जानेवारीत या देशात शून्याखाली ५१.५ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती.

अशा प्रदेशात घर उबदार ठेवणे ही चैनीची बाब राहत नाही. अन्नवस्त्राइतकीच ती जीवनावश्यक ठरते. त्यातच कागद, लाकूड आणि पोलाद यांचे मोठे कारखाने तेथे आहेत. परिणामी एका फिनिश नागरिकामागे वर्षाला साधारण १४ ते १५ हजार युनिट वीज खर्च होते. आपल्या देशात हे प्रमाण सुमारे १४०० युनिट आहे. म्हणजे अंतर दसपटीचे झाले.

निसर्गाने या देशाला इंधनाच्या बाबतीत मात्र हात आखडूनच दिले. फिनलंडच्या भूमीत दगडी कोळसा नाही, खनिज तेल नाही, नैसर्गिक वायूही नाही. आहे ते लाकूड आणि दलदलीत सापडणारे पीट नावाचे मातकट इंधन. जलविद्युत आहे, पण नॉर्वेसारखे उंच डोंगर नसल्याने तिला मर्यादा आहे. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा परक्या इंधनावर विसंबून राहण्यातील धोका या देशाला तीव्रतेने जाणवला. अणुवीज केंद्रांची तयारी त्याआधीच सुरू झाली होती. त्या संकटाने तिची निकड सिद्ध केली.

चार अणुभट्ट्या आणि एक सहकारी तत्त्व

१९७७ ते १९८० या चार वर्षांत फिनलंडच्या वीजजाळ्याला चार अणुभट्ट्या जोडल्या गेल्या. त्यांपैकी दोन लोविसा या दक्षिण किनाऱ्यावरील गावाजवळ आणि दोन पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओल्किलुओतो बेटावर आहेत. लोविसाच्या भट्ट्या सोव्हिएत बनावटीच्या, तर ओल्किलुओतोच्या स्वीडनच्या. पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांच्या मधोमध राहणाऱ्या या देशाने दोन्हींकडून यंत्रे घेतली. इतकेच नव्हे, तर सोव्हिएत भट्टीभोवती पाश्चात्त्य पद्धतीचे सुरक्षा-कवच आणि पाश्चात्त्य नियंत्रण-यंत्रणा बसवून घेतली. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या नावावरून या मिश्र केंद्राला लोक गमतीने ‘ईस्टिंगहाउस’ म्हणू लागले. थट्टेचा भाग सोडला, तरी यातून एक गोष्ट दिसते. यंत्र विकत घेतले, पण सुरक्षिततेचा मापदंड त्या देशाने स्वतःचा ठेवला.

येथे शिक्षक बंधूंसाठी थोडे विवेचन करतो. अणुभट्टीत युरेनियमच्या अणूचे केंद्रक फुटते, त्यातून प्रचंड उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरून वीज तयार होते. वाफेपासून पुढचा सारा व्यवहार कोळशाच्या केंद्रासारखाच आहे. फरक चुलीत आहे. ही चूल धुराविना पेटते. खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा सर्व हिशेब धरला, तरी अणुविजेच्या एका युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम कार्बन वायू पडतो, असा आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाचा २०१४ च्या अहवालातील मध्यम अंदाज आहे. कोळशाच्या विजेसाठी तोच आकडा सुमारे ८२० ग्रॅम आहे. शिवाय अणुइंधन आकाराने अगदी थोडे असते. वर्ष-दोन वर्षे पुरेल इतका साठा केंद्राच्या आवारातच ठेवता येतो. समुद्र गोठला किंवा रेल्वे अडली, तरी केंद्र चालू राहते. हिमप्रदेशात या गुणाचे मोल मोठे आहे.

ओल्किलुओतोचे केंद्र चालविणाऱ्या कंपनीची रचना महाराष्ट्रातील सभासदांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल. १९६९ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव ‘तेओल्लिसुदेन व्होइमा’, म्हणजे ‘उद्योगांची शक्ती’. कागद कारखाने व अन्य उद्योग आणि कित्येक नगरपालिकांच्या वीज कंपन्या यांनी प्रत्यक्ष किंवा दुसऱ्या कंपन्यांमार्फत तिचे भाग घेतलेले आहेत. कंपनी नफा वाटत नाही. ज्याचे जेवढे भाग, तेवढी वीज तो उत्पादनखर्चाच्या दराने घेतो आणि तेवढाच खर्चाचा वाटा उचलतो. या पद्धतीला तेथे ‘मांकाला’ तत्त्व म्हणतात. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत सभासद ऊस घालतो आणि भाव घेतो. तेथे सभासद भांडवल घालतो आणि वीज घेतो. अणुवीज केंद्राला आरंभी प्रचंड भांडवल लागते आणि फळ चाळीस-साठ वर्षे मिळत राहते. असा दीर्घ पल्ल्याचा धंदा एकट्यादुकट्याने पेलणे अवघड असते. अनेकांनी एकत्र येऊन तो पेलण्याची ही रीत आहे.

गावाचा अधिकार

१९८६ साली चेर्नोबिलची दुर्घटना घडली. तिच्या किरणोत्सारी ढगाची छाया फिनलंडवरही पडली. पाचव्या अणुभट्टीचा विचार त्या वेळी बाजूला ठेवावा लागला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, तेथील संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला. या कायद्याने ठरविलेला क्रम आपण बारकाईने पाहण्यासारखा आहे. अणुऊर्जेचा कोणताही मोठा प्रकल्प समाजाच्या एकंदर हिताचा आहे काय, याचा तत्त्वतः निर्णय प्रथम मंत्रिमंडळाने घ्यावयाचा. तत्पूर्वी किरणोत्सार सुरक्षा संस्थेने प्राथमिक तपासणी करून हरकत नसल्याचे कळवावयाचे. आणि ज्या गावाच्या हद्दीत प्रकल्प येणार, त्या गावाच्या निर्वाचित परिषदेने संमती दिली पाहिजे. गावाने नकार दिला, तर मंत्रिमंडळ होकार देऊ शकत नाही. मंत्रिमंडळाचा होकारही पुन्हा संसदेपुढे जातो. संसद तो कायम करते किंवा रद्द करते.

ही केवळ कागदावरची तरतूद राहिली नाही. १९९३ साली पाचव्या अणुभट्टीचा प्रस्ताव संसदेपुढे आला, तेव्हा तो ९० विरुद्ध १०७ मतांनी फेटाळला गेला. सरकारने निमूटपणे तो निर्णय मानला. नऊ वर्षांनी, २००२ मध्ये, तसाच प्रस्ताव पुन्हा आला. या वेळी १०७ विरुद्ध ९२ मतांनी तो संमत झाला. त्याचा निषेध म्हणून पर्यावरणवादी ग्रीन पक्ष मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्याच पक्षाने पुढे २०२२ साली, हवामानबदलाचे संकट ध्यानी घेऊन, अणुऊर्जेला अनुकूल भूमिका स्वीकारली. जनमत असे सावकाश बदलते. ते बदलेपर्यंत थांबण्याची तयारी राज्यकर्त्यांपाशी असावी लागते.

राखेचा प्रश्न

अणुभट्टीची चूल बिनधुराची असली, तरी बिनराखेची नाही. वापरून झालेले इंधन हजारो वर्षे घातक राहते. ते ठेवायचे कोठे, हा अणुऊर्जेवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे. लोविसाचे वापरलेले इंधन सुरुवातीला सोव्हिएत संघाकडे परत पाठविले जात असे. १९९४ साली फिनलंडने कायद्यात दुरुस्ती केली. आपल्या देशातील अणुकचरा बाहेर पाठवायचा नाही आणि बाहेरचा आत घ्यायचा नाही, असे ठरले. आपली राख आपल्याच अंगणात पुरायची, हा तो निर्णय होय. कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च भागविण्यासाठी वीज कंपन्यांकडून पैसे वसूल करून ते सरकारी देखरेखीखालील निधीत साठविण्याची व्यवस्था १९८८ पासूनच सुरू झाली होती. आज वीज वापरणाऱ्याने उद्याच्या पिढीवर कर्ज ठेवू नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

कायमच्या साठवणुकीसाठी चार ठिकाणच्या खडकांचा सविस्तर अभ्यास झाला आणि शेवटी एउरायोकी या गावाच्या हद्दीतील ओल्किलुओतोची निवड झाली. त्या वेळी एउरायोकीची वस्ती काही हजारांचीच होती. जानेवारी २००० मध्ये त्या गावाच्या परिषदेत हा ठराव मतास टाकण्यात आला. २० सभासदांनी बाजूने आणि ७ सभासदांनी विरोधी मत दिले. पुढे मे २००१ मध्ये संसदेने तो निर्णय १५९ विरुद्ध ३ अशा प्रचंड बहुमताने कायम केला.

एका गावाने हे ओझे आपण होऊन का स्वीकारले? कारणे अनेक आहेत. केंद्रापासून मिळणारा मालमत्ता कर हे गावाच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. परंतु केवळ पैशाने हे घडले, असे म्हणणे एकांगी होईल. या गावाने वीस वर्षे केंद्र आपल्या शेजारी पाहिले होते. गावचीच माणसे तेथे नोकरीस होती. वापरलेले इंधन तसेही त्याच बेटावर पाण्याच्या हौदांत साठविलेले होते, तेव्हा ते उघड्यावरच्या इमारतीत ठेवण्यापेक्षा खडकात खोल पुरलेले बरे, हा विचारही होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गावाच्या हाती होता. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला किंमत असते.

२००४ साली तेथे भुयार खणण्यास प्रारंभ झाला. या भुयाराचे नाव ‘ओंकालो’. फिनिश भाषेत त्याचा अर्थ पोकळी किंवा कपार. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात, ४०० ते ४५० मीटर खोलीवर, वापरलेले इंधन जाड तांब्याच्या डब्यांत बंद करून ठेवावयाचे आणि डब्याभोवती बेंटोनाइट नावाची, पाणी लागताच फुगून भेगा बुजविणारी माती ठासावयाची, अशी ही योजना आहे. २०२४ मध्ये प्रत्यक्ष इंधनाशिवाय संपूर्ण कामाची चाचणी सुरू करण्यात आली. देश लहान असला, तरी या बाबतीत तो जगाच्या पुढे आहे.

उशीर आणि खर्च

आता दुसरी बाजू. २००२ च्या मंजुरीनंतर ओल्किलुओतो येथे तिसऱ्या भट्टीचे बांधकाम २००५ साली सुरू झाले. ही फ्रेंच-जर्मन रचनेची, ‘ईपीआर’ नावाने ओळखली जाणारी, १६०० मेगावॅटची भट्टी. ती २००९ मध्ये वीज देऊ लागेल असे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात तिने नियमित वीज द्यावयास प्रारंभ केला तो १६ एप्रिल २०२३ रोजी. चार वर्षांचे काम अठरा वर्षे चालले. आरंभी सुमारे ३२० कोटी युरोंना ठरलेल्या या प्रकल्पाचा एकूण खर्च ११०० कोटी युरोंच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. नव्या रचनेचे आराखडे पूर्ण होण्याआधीच काम सुरू झाले. काँक्रीट, जोडकाम, नियंत्रण-यंत्रणा यांत वारंवार दुरुस्त्या कराव्या लागल्या. कंत्राटदार व मालक यांच्यात वाद झाले. चाचणीच्या काळातही २०२२ मध्ये पाणीपुरवठ्याच्या पंपांत तडे आढळले आणि आणखी काही महिने गेले.

या चौदा वर्षांच्या विलंबात जे विजेचे युनिट मिळाले नाहीत, त्यांपैकी काहींची जागा कोळशाने आणि आयात विजेने घेतली. म्हणजे उशिराची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही. ती धुरातही मोजावी लागते. अणुऊर्जेचे समर्थन करणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

परंतु भट्टी सुरू झाल्यावर चित्र पालटले तेही तितकेच खरे. मे २०२२ मध्ये रशियाकडून येणारी वीज बंद झाली होती. त्याच महिन्यात उत्तरेकडे रशियन सहकार्याने उभारावयाच्या दुसऱ्या एका अणुकेंद्राचा करारही रद्द झाला होता. अशा वेळी नव्या भट्टीने मोठी तूट भरून काढली. आज पाच भट्ट्या मिळून देशातील वीजउत्पादनाच्या सुमारे चाळीस टक्के वीज देतात. पवनशक्ती, जलशक्ती व लाकूड यांची भर घातली असता फिनलंडच्या वीजउत्पादनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आज खनिज इंधनाविना होतो.

सर्वांत थंड आठवडा

येथे कोणी विचारील, की मग पवनचक्क्याच का वाढवू नयेत? फिनलंडने त्या वाढविल्या आहेत. २०२४ च्या अखेरीस तेथील पवनचक्क्यांची क्षमता ८ हजार मेगावॅटच्या पुढे गेली होती. वाऱ्याची वीज स्वस्त आहे आणि ती झपाट्याने उभारता येते. तथापि हिमप्रदेशातील खरी परीक्षा वर्षाच्या सरासरीवर होत नाही. ती वर्षातील सर्वांत थंड आठवड्यात होते. कडाक्याची थंडी पुष्कळदा निरभ्र, स्तब्ध हवेत पडते. नेमकी त्या वेळी विजेची मागणी सर्वांत अधिक असते आणि वारा सर्वांत मंद. सूर्याची मदत जवळजवळ नाहीच.

५ जानेवारी २०२४ चा दिवस याचे उत्तम उदाहरण आहे. त्या दिवशी उत्तरेकडील एनोन्तेकिओ भागात तापमान शून्याखाली ४४ अंशांपर्यंत उतरले. एरवी करांव्यतिरिक्त एका युनिटचा घाऊक दर सरासरी पाच-सहा सेंट असतो. त्या सायंकाळी एका तासासाठी तो सुमारे १ युरो ९० सेंटवर गेला, म्हणजे तीस पटींहून अधिक. लोकांनी सौना-स्नान पुढे ढकलले, कारखान्यांनी काम आवरते घेतले. दिवे गेले नाहीत. परंतु अखंड चालणाऱ्या विजेचा पाया भक्कम नसता तर काय झाले असते, याची कल्पना त्या दिवसाने सर्वांना आणून दिली.

याचा अर्थ अणुभट्टी कधी बंद पडत नाही, असा मात्र नाही. १६०० मेगावॅटची एकच भट्टी अकस्मात बंद पडली, तर एवढ्या लहान देशाच्या वीजजाळ्याला मोठा हादरा बसतो. म्हणून तेथील वीजवहन कंपनीने काही कारखान्यांशी करार करून ठेवला आहे. भट्टी बंद पडताच त्या कारखान्यांचा वीजभार आपोआप तोडला जातो आणि बाकीचे जाळे सावरते. तसेच इंधन बदलण्याची व दुरुस्तीची वार्षिक कामे हिवाळा टाळून, मागणी कमी असते अशा महिन्यांत उरकली जातात. आपल्याकडे पाटबंधाऱ्याची दुरुस्ती हंगाम पाहून करतात, तसाच हा प्रकार होय.

विजेकडून उष्णतेकडे

आतापर्यंत मी विजेबद्दल बोललो. पण थंड देशाचा मोठा खर्च असतो तो उष्णतेचा. फिनलंडच्या शहरांत प्रत्येक घराची स्वतंत्र शेगडी नसते. एका मोठ्या केंद्रात पाणी तापवून ते जमिनीखालच्या वेष्टित नळांतून शहरभर खेळविले जाते. घराघरांत ते आपली ऊब देते आणि निवून केंद्राकडे परत येते. आपल्या नळपाणी योजनेसारखीच ही ‘नळ-ऊब योजना’ म्हणता येईल. देशभर अशा नळांची लांबी १५ हजार किलोमीटरपेक्षा अधिक आहे आणि हेलसिंकीतील बहुतांश इमारती त्यांवरच तापतात. एके काळी राजधानीच्या या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक कोळशातून येत असे. तेथील हानासारी येथील कोळसा केंद्र २०२३ मध्ये आणि साल्मिसारी येथील केंद्र २०२५ मध्ये बंद झाले. आता त्यांची जागा विजेवर चालणारे बंब, सांडपाण्यातील व समुद्रातील ऊब खेचून घेणारे उष्णता-पंप आणि लाकडाचा भुगा यांनी घेतली आहे. कोळशाचा धूर थांबला, पण त्याचा भार विजेवर आला. त्यामुळे स्वच्छ आणि अखंड विजेची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

मग अणुभट्टीची उष्णता थेट नळांत का सोडू नये? विचार अगदी साधा आहे. ओल्किलुओतोच्या तिसऱ्या भट्टीत सुमारे ४३०० मेगावॅट उष्णता निर्माण होते आणि तीतून १६०० मेगावॅट वीज मिळते. उरलेली उष्णता समुद्रात सोडून द्यावी लागते. शीतप्रदेशात लोक उबेसाठी इंधन जाळत असताना कोमट पाणी समुद्राला अर्पण करावे, ही विसंगती तज्ज्ञांना नेहमीच खुपत आली आहे. लोविसापासून हेलसिंकीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीची उष्णोदक-वाहिनी टाकण्याची योजना २००९ साली, लोविसाच्या प्रस्तावित तिसऱ्या भट्टीबरोबर, पुढे आली होती. २०१० मध्ये सरकारने त्या भट्टीला परवानगी नाकारली आणि वाहिनीही राहून गेली.

ही कल्पना नवी नाही आणि अशक्यही नाही. स्वीडनमध्ये ऑगेस्टा येथे खडकाच्या पोटात बांधलेल्या छोट्या भट्टीने १९६४ ते १९७४ या काळात स्टॉकहोमच्या फार्स्टा उपनगराला ऊब पुरविली होती. स्वित्झर्लंडमधील बेत्स्नाऊ केंद्र १९८० च्या दशकापासून आसपासच्या गावांना उष्णता देत आले आहे. हे केंद्र आपल्या तारापूरच्याच वयाचे. दोन्ही १९६९ मध्ये वीज देऊ लागली. रशियाच्या अतिउत्तरेकडील पेव्हेक बंदरात तरंगत्या अणुकेंद्रातून २०२० पासून वीज आणि ऊब दोन्ही मिळतात. चीनच्या शान्तुंग प्रांतातील हाययांग शहरात २०२१ पासून अणुकेंद्राच्या उष्णतेने कोळशाच्या बंबांची जागा घेतली आहे. फिनलंडमध्ये आता केवळ पाणी तापविण्यासाठी ५० मेगावॅट उष्णतेची छोटी भट्टी बनविण्याचे प्रयत्न चालू आहेत. तेथील सरकारी तंत्रसंशोधन संस्थेत तिचा आराखडा तयार झाला आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तीत वीज बनवायची नसल्याने दाब व तापमान कमी ठेवता येते, हा तिचा फायदा. मात्र अशी भट्टी शहरालगत बांधावी लागेल आणि तिला शेजारी म्हणून नागरिकांनी स्वीकारावे लागेल. ओल्किलुओतोचा अनुभव ध्यानी घेता, आराखड्यावरून तारखा व किमती गृहीत धरणे शहाणपणाचे ठरणार नाही.

एकच मार्ग सर्वांसाठी नाही

फिनलंडने केले तेच सर्व थंड देशांनी करावे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. नॉर्वेपाशी धबधबे आहेत, आइसलंडपाशी भूगर्भातील ऊब आहे; त्यांना अणुभट्टीवाचून चालते. स्वीडनने १९८० च्या सार्वमतानंतर अणुऊर्जेतून बाहेर पडण्याचे ठरविले, काही भट्ट्या बंदही केल्या आणि आता पुन्हा नव्या भट्ट्यांची वाट धरली आहे. जर्मनीने आपली शेवटची केंद्रे एप्रिल २०२३ मध्ये बंद केली. प्रत्येक देशाचे साधन वेगळे आणि जनमत वेगळे. फिनलंडच्या अनुभवाने एवढे मात्र दाखविले, की पाणी, वारा, लाकूड आणि अणू यांनी आपापला वाटा उचलला तर हिमप्रदेशातही कोळशाची चूल विझविता येते. त्या वाट्यांपैकी अणूचा वाटा म्हणजे घराचा पाया होय. पाया म्हणजे संपूर्ण घर नव्हे. पण पायाविना घर उभे राहत नाही.

आपल्याशी संबंध

आपल्या राज्यात उबेसाठी अणुभट्टीची आवश्यकता नाही. आपला प्रश्न उकाड्याचा आणि पाणी उपसण्याचा आहे. तरी या हकीगतीशी आपला थेट संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे सहा अणुभट्ट्यांचा जो प्रकल्प प्रस्तावित आहे, त्या भट्ट्या ओल्किलुओतोच्या तिसऱ्या भट्टीच्याच ‘ईपीआर’ जातीच्या आहेत. त्याविषयी तेथील मच्छीमारांच्या, बागायतदारांच्या आणि शेतकऱ्यांच्या मनातील शंका व विरोध सर्वांना ठाऊक आहेत. आपल्याकडे अणुऊर्जा हा केंद्र सरकारच्या अखत्यारीतील विषय आहे. तेव्हा फिनलंडचा कायदा येथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण प्रश्न विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. अठरा वर्षे का लागली? खर्च तिपटीहून अधिक का वाढला? वापरलेले इंधन कोठे जाईल? त्याचा पैसा आजच बाजूला ठेवला जाईल काय? समुद्रात किती कोमट पाणी सुटेल? हे प्रश्न विचारणारा नागरिक विकासाचा विरोधक नसतो. एउरायोकीच्या परिषदेत सात सभासदांनी विरोधी मत दिले, म्हणून त्यांना कोणी देशविरोधी म्हटले नाही. आणि वीस सभासदांच्या होकाराला वजन आले, ते त्या सातांची मते मोकळेपणाने ऐकून घेतल्यामुळेच.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे, की अणूविषयी भीती किंवा भक्ती यांपैकी काहीच न शिकविता मोजमाप शिकवावे. अधिकारी वर्गाने माहिती लोकांच्या भाषेत आणि वेळेवर द्यावी. पंचायत सदस्यांनी मोठ्या प्रकल्पाचा अहवाल आला, तर तो वाचून, समजून मगच हात वर करावा. तो बाजूने असो वा विरोधी. यंत्रे विकत मिळतात, तंत्रज्ञही परदेशातून आणता येतात. लोकांचा विश्वास मात्र त्या त्या गावातच तयार करावा लागतो आणि त्याला यंत्रापेक्षाही अधिक वर्षे लागतात.